कापून टाकलेला उजेड

माझ्या धाकट्या दिराला दवाखान्यात आणि घरीदारी सगळे ‘आरसा’ म्हणतात. हे नाव त्याला चिडवायला कुणी ठेवलेलं नाही, त्याने ते कमावलं आहे. तो एक्स-रे काढतो. कुणाच्या छातीचा, कुणाच्या मनगटाचा फोटो काढून झाला की पडद्यावर नख आपटतो आणि म्हणतो, “बघा! आरसा आहे, आरसा!” जसं काही त्या माणसाची हाडं यानेच घडवली आहेत.

तोंडावर मी त्याला भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. या वहीत मात्र अरे-तुरे करते. रोज सकाळी प्रार्थना झाली की मी चार ओळी लिहिते. आज चार ओळींत भागणार नाही. कुणाला तुच्छ लेखू नये हे मला लहानपणापासून शिकवलं आहे आणि मी ते पाळत आले. गुरुवारपासून जमत नाहीये. निदान का जमत नाही ते तरी नीट लिहून ठेवते.

आरसा शाळेत चित्रकला सोडली तर कशातच वर नव्हता. माझे सासरे म्हणाले, “बटण दाबायचं काम आहे, एवढं जमेल त्याला,” आणि त्याला एक्स-रेच्या शिक्षणाला घातला. माझी लेक तिसरी-चौथीत होती तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता. तेव्हा फिल्मचा जमाना होता. अंगाला फिल्म धुवायच्या औषधी पाण्याचा आंबूस वास घेऊन घरी यायचा आणि गप्प बसून जेवायचा. किरण जास्त पडले की फिल्म काळी ठिक्कर व्हायची आणि डॉक्टर ती सगळ्यांसमोर परत त्याच्या अंगावर टाकायचे. त्यामुळे प्रत्येक माणसाची जाडी टेपने मोजायचा, तक्ता बघायचा, मग बटण दाबायचा. त्या काळात तो खरंच बरा होता. भीतीने का होईना, बरा होता.

मग नवं यंत्र आलं. फिल्म गेली, पडदा आला. या यंत्राची गंमत अशी की किरण जास्त टाकले तरी फोटो काळा होत नाही, यंत्र आपलं आपण सांभाळून घेतं. उलट जितके जास्त टाकाल तितका फोटो गुळगुळीत येतो, आणि कमी टाकले तर त्यात बारीक रवा दिसतो. हे मला परवा कळलं. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याने टेप खणात टाकली आणि तक्ता भिंतीवरून काढला. त्या जागी काय लावलं, तर एका मोठ्या डॉक्टरांनी ‘फारच सुंदर चित्र’ असं लिहून दिलेली चिठ्ठी.

तेव्हापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. जेवणाच्या पंगतीत फोन काढून लोकांचे गुडघे दाखवतो. आम्ही भात कालवतोय आणि हा सांगतोय, “हा मणका बघ दादा, कसा कोरीव आलाय!” दादा म्हणजे माझा नवरा. ते ‘वा, वा’ म्हणतात. दिवाणखान्यात याने स्वतःच्या छातीचा फोटो चौकट करून, मागे दिवा बसवून लावला आहे. खोकला नाही, ताप नाही, उगाच काढलेला. पाहुणा आला की दिवा लागतो. “हृदय बघा, कसं डौलदार बसलंय.” माझी धाकटी जाऊ त्या चौकटीची धूळ रोज पुसते. जिवंत नवऱ्याच्या हृदयावरून रोज फडकं फिरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि तो बिल्ला. एक्स-रेवाल्यांना छातीवर लावायला एक छोटासा बिल्ला देतात. त्यांच्या स्वतःच्या अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं, आणि ठरावीक महिन्यांनी तो मोजायला पाठवतात. आरशाचा आकडा कायम शून्याला चिकटलेला. याचाही त्याला कोण अभिमान! “बावीस वर्षांत बोट दाखवायला जागा नाही, वहिनी.” नसणारच. बिल्ला खोलीबाहेरच्या खुंटीला, त्याच्या डब्याच्या पिशवीशेजारी लटकलेला असतो. खुंटीला आणि पिशवीला किरण लागले नाहीत, एवढंच त्या बावीस वर्षांच्या कागदांवरून सिद्ध होतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. घरात एखादा फुशारकी मारणारा असायचाच. पण मग भिंगरीचं दुखणं निघालं.

भिंगरी म्हणजे माझ्या लेकीची लेक. सात वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. ती एकाएकी डावा पाय ओढायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याच्या हाडाचा गोळा मऊ पडलाय; वाढतं वय आहे, बहुतेक आपला आपण भरून येईल; फक्त अधूनमधून फोटो काढून बघत राहायचं. दोन वर्षं, कदाचित तीन. माझी लेक रडली. मी देवापुढे बसले. आरसा मात्र खुलला. “अहो, घरचं मूल आहे! रांग नाही, चिठ्ठी नाही, मी बसलोय ना तिथे!”

पहिल्या वेळी लेक घेऊन गेली. दुसऱ्या वेळी मी गेले.

त्या दिवसाचं सगळं मला नीट आठवतं, कारण संध्याकाळी मी ते लिहून ठेवलं होतं. भिंगरीला टेबलावर आडवं केलं. वरच्या पेटीतून उजेड पडला, मधोमध फुली असलेला चौकोनी उजेड. तो जिथे पडतो तिथेच किरण पडतात, हे त्यानेच मला मागे कधीतरी मोठेपणाने सांगितलं होतं. उजेड पोरीच्या हनुवटीपासून गुडघ्यांपर्यंत होता. तिच्या झग्याला वर गळ्याशी लाल बटण होतं, ते चकाकत होतं.

“वहिनी, तुम्ही पाय धरा तिचे. हलते फार.”

“मला काही घालायला देता का? ते जड असतं ना, शिशाचं?”

“ते कपाटात घडी करून ठेवलंय. नवं कोरं आहे, मोडू नका घडी. क्षणभराचं काम, उन्हात उभं राहण्यासारखं.”

मी पाय धरले. तो भिंतीआड गेला. खट्ट. “हललीस गं!” पुन्हा खट्ट. “जरा तिरकं आलं.” पुन्हा. “हा बरा आहे, पण एक अजून झकास घेऊ.” पोरगी शहाण्यासारखी पडून होती. नंतर तर मला ती हललेलीही दिसली नाही.

मग पडद्यावर फोटो आला, आणि याने चारही बाजूंनी रेषा ओढत ओढत तो आत घेतला. छाती गेली, पोट गेलं, गुडघे गेले. मधे खुबा राहिला, भोवती काळी चौकट. “आरसा!”

मी विचारलं, “भावोजी, उजेड तर गळ्यापर्यंत होता. फोटोत कमरेच्या वरचं काहीच कसं नाही?”

“ते कापायचं असतं. तुम्ही नाही का शिवताना जास्तीचं कापड कापून टाकत?”

“मी आधी मोजते, भावोजी. आणि कापून टाकलेलं कापडही विकत घेतलेलंच असतं.”

तो मनापासून हसला. “वहिनी, तुम्ही देवाधर्माचं बघा. हे शास्त्र आहे.”

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “बावीस वर्षं करतोय तो. तू एकदा पाय धरलेस आणि तुला कळलं?” लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, काकांशी वाकडं नको घेऊस. आपल्याला दोन वर्षं जायचंय तिथे.” तेच तर! दोन वर्षं जायचं होतं. हाडांचे ते डॉक्टर त्याच दवाखान्यात, यंत्र तिथेच, आणि यंत्रापाशी हा. पोरीच्या कोवळ्या अंगावर दर वेळी किती काय पडणार, हे मोजणारं तिथे कुणी नाही, आणि विचारणारी मी, जिने देवाधर्माचं बघायचं. माझा जीव तिथे अडकला. पण उगाच कशाला बोला, म्हणून मी गप्प राहिले. वाटलं, असेल बाई, यंत्राची तशीच रीत असेल. आपण अडाणी. या विचारावर मी सहा महिने काढले, आणि आता त्याची मला लाज वाटते.

गुरुवारी तिसरी वेळ होती. गेलो तर खोलीत वर्दळ. यंत्राची तपासणी चालू होती. मोजणीला एक बाई आल्या होत्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. बरोबर दोन पेट्या आणि पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं एक चपटं भांडं. ते टेबलावर माणसाच्या जागी ठेवायचं, खाली मीटर सरकवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मी आणि भिंगरी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं.

आरसा त्या दिवशी ओळखू येत नव्हता. केस चापून बसवलेले, बिल्ला छातीवर. बोलण्यात ‘हो मॅडम, अगदी मॅडम’. भिंतीवरची ती चिठ्ठी गेली होती आणि तिच्या जागी जुना तक्ता परत आला होता, कोपरे पिवळे पडलेला. बाईंनी शिशाचा एप्रन मागितला. याने कपाटातून तो वधूवेषासारखा दोन हातांवर आणला.

बाईंनी तो यंत्राखाली पसरून फोटो घेतला. पडद्यावर घडीच्या जागी सरळ रेषेत चिराच चिरा.

“फाटलाय हो आतून.”

“फाटेल कसा मॅडम? एकदाही वापरलेला नाही!”

“घडी घालून ठेवलात म्हणून फाटला. टांगायचा असतो तो. आणि वापरलेला नाही, हे तुम्ही मला अभिमानाने सांगताय का?”

मला बाहेर हसू आलं. भिंगरीने विचारलं, “आजी, काय झालं?” म्हटलं, “काही नाही, काकाआजोबांची घडी मोडली.”

पण बाकी सगळं त्याने व्यवस्थित पार पाडलं. आकडे बरोबर आले. बाई मीटर पेटीत ठेवायला लागल्या आणि त्यांची नजर आमच्याकडे गेली. “हिचा फोटो आहे? घ्या ना आत, खोळंबली असेल. मी थांबते.”

भिंगरी टेबलावर आडवी झाली. आरशाने दिवा लावला, आणि मग दोन खुंट्या फिरवून उजेड बारीक करत करत खुब्यावर आणून ठेवला. माझ्या रुमालाएवढा चौकोन. झग्याचा वरचा भाग सगळा अंधारात. मग तक्त्यात बघून यंत्राचा आकडाही खाली आणला, आणि मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही बाहेर थांबा हं. धरायची काही गरज नाही. भिंगरी, श्वास घेऊन पुतळा हो बघू.” किती गोड आवाज!

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख पडलं. याला येतं. याला सगळं येतं. कळत नसेल असं धरून मी सहा महिने याच्यासाठी सबबी शोधत होते. अडाण्याला मी क्षमा केली असती, देवाशप्पथ केली असती. हा तर शिकलेला होता, आणि नुसता फोटो देखणा यावा, पुन्हा नेम धरायचे कष्ट पडू नयेत, म्हणून माझ्या नातीच्या अंगावर हनुवटीपासून गुडघ्यांपर्यंत तो उजेड उघडा टाकत होता.

मी दारातूनच बोलले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“भावोजी, आज उजेड एवढासाच? मागच्या वेळी तर पार गळ्यापर्यंत होता.”

“वहिनी, नंतर बोलू.”

“आणि मग तुम्ही वरचं सगळं कापलंत ना? आज कापायला काही राहणारच नाही.”

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “कापलं म्हणजे?”

“ते नातेवाईक आहेत मॅडम, त्यांना शब्द ठाऊक नाहीत...”

“शब्द चांगले ठाऊक आहेत त्यांना. जरा जुने फोटो काढा या मुलीचे. कापायच्या आधीचे. यंत्र ते फेकत नाही, तुम्हालाही माहीत आहे.”

आरसा कीबोर्डवर चाचपडायला लागला, जसा काही त्याने तो जन्मात पाहिला नव्हता. शेवटी बाईंनीच काढले. डॉक्टरांनी दोन वेळचे मिळून चार फोटो लिहिले होते. पडद्यावर आले अकरा. सगळे हनुवटीपासून खाली. माझ्या पोरीच्या बरगड्या, तिचं पोट, एकाहून एक गुळगुळीत. आणि सगळ्यात खाली, तिच्या गुडघ्यांना धरलेली बोटं. नुसती हाडं, आणि एका बोटात अंगठी. मला माझी अंगठी ओळखायला क्षणभर लागला.

“हा कुणाचा हात?” बाईंनी विचारलं.

“माझा,” मी म्हटलं.

प्रत्येक फोटोला यंत्राने एक आकडा चिकटवलेला असतो, किती किरण पडले त्याचा. ते आकडे बाईंनी एकेक करून वहीत उतरवले. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “घाबरू नका. हिला काही झालंय असं मी म्हणत नाही, आणि या एवढ्याने काही होण्याची शक्यता फार थोडी असते. पण लागत होतं त्याच्या तिप्पट गेलं, नको तिथे गेलं, आणि नको तितक्या वेळा गेलं. लहान मुलांत थोडं थोडं म्हणून सोडायचं नसतं. लोक शिशाने झाका म्हणतात. झाकण्याच्या आधी, मुळात टाकायचंच कमी असतं.”

मागे आरसा उभा होता. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. तर म्हणाला काय? “पण मॅडम, चित्र बघा ना. एक तरी रेघ पुसट आहे का?”

या वाक्यासाठी मी त्याला क्षमा करणार नाही. बाकी गोष्टींसाठी देव बघून घेईल.

त्या सगळ्याचा कागद झाला आणि वर गेला. याला आता यंत्रापासून बाजूला करून पुन्हा शिकायला पाठवणार आहेत, या वयात, पोरासोरांबरोबर. धाकट्या जावेने त्याच संध्याकाळी फोन केला. “ताई, घरचा माणूस होता तो. परक्यासमोर नागडा केलात.” मी म्हटलं, “नागडी हाडं मी बघितली बाई, माझी आणि नातीची. तो तर पूर्ण कपड्यांत होता.” तिने फोन आपटला. आमचे हे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलताहेत. बोलू देत मोजकंच. या घरात कुणीतरी मोजायला लागलं, हेही कमी नाही.

पण त्या दिवशीचा फोटो राहिला सांगायचा. बाईंच्या देखत तो निघाला, रुमालाएवढ्या उजेडात, एकदाच. पडद्यावर आला तर खरंच जरा रवाळ होता, धुक्यात बघितल्यासारखा.

आरसा कळवळला. “एकदा परत घेऊ द्या. रवा दिसतोय.”

“हाड दिसतंय का?” बाई म्हणाल्या.

“दिसतंय, पण...”

“मग झालं.”

आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तर हा आमच्या मागे. बावीस वर्षांत फोटोमागे खोली सोडून गेला नसेल कधी. त्या रवाळ फोटोची माफी मागायला आला होता. डॉक्टरांनी फोटो उघडला, मागच्या फोटोशेजारी ठेवला आणि पुढे वाकून पाहिला.

“छान,” ते म्हणाले. “ही कड बघा आजी, इथे मऊ होतं ना, ते भरून येतंय.”

“डॉक्टरसाहेब,” आरसा मधेच म्हणाला, “आजचा जरा खडबडीत आलाय. मागचे दोन बघा, ते आरसा होते. हवं तर आत्ता पुन्हा...”

डॉक्टरांनी दोन्ही फोटोंकडे पुन्हा एकदा पाहिलं. “काय फरक आहे?” त्यांनी अगदी सरळपणे विचारलं. “मला गोळा आणि त्याची कड दिसायला हवी. दोन्हीत दिसतेय. तुम्ही हे मुद्दाम काही करत होता का?”

आरशाने पडद्याकडे नेलेलं नख मागे घेतलं. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी म्हणून तो हा आरसा घासत होता, त्यांनी त्यात एकदाही डोकावलं नव्हतं. मला कीव यायला हवी होती. मी वाट पाहिली. आली नाही.

भिंगरीला डॉक्टरांनी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. पाय अजून ओढते, पण कमी. “पुढचा फोटो सहा महिन्यांनी,” ते म्हणाले. “एकच पुरे.”

“डॉक्टर, हे कागदावर लिहून द्याल का?” मी विचारलं. “एकच फोटो, आणि उजेड फक्त खुब्यावर. खाली तुमची सही. यंत्रापाशी कुणीही बसलेलं असो, मला दाखवता येईल.”

आरसा माझ्याकडे वळला. डोळे भरले होते त्याचे. “वहिनी, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?”

“नाही, भावोजी,” मी म्हटलं, आणि डॉक्टरांपुढे पेन सरकवलं.